आर्म संगणकावर टेक लाइव्ह बसवताना योग्य बायनरीची निवड

अक्षरजुळणीसाठी लाटेक, झीटेक किंवा लुआटेक वापरणाऱ्यांपैकी अनेकांकडे आता आर्म प्रोसेसरचे संगणक आहेत. कोणाकडे ॲपलच्या एम मालिकेतील मॅक असतो, कोणाकडे रास्पबेरी पाय, तर कोणी आर्मवर चालणारा सर्व्हर भाड्याने घेतलेला असतो. या सगळ्यांवर टेक लाइव्ह, म्हणजे ही सगळी साधने एकत्र देणारा संच, उत्तम चालतो. तरीही ते बसवताना काही जण अडखळतात आणि संपूर्ण संच पुसून पुन्हा उतरवून घेतात. बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते.

टेक लाइव्हचा पूर्ण संच डिस्कवर साधारण ७-८ जीबी जागा घेतो. त्यातील फाँट, मॅक्रो, शब्दतोडीचे नियम आणि दस्तऐवज हा फार मोठा भाग कोणत्याही प्रोसेसरवर तसाच्या तसा चालतो. प्रोसेसरनुसार बदलतो तो फक्त ‘बिन’ या डिरेक्टरीतील एक उपविभाग, म्हणजेच प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या बायनरी. म्हणून आर्मवर काही बिघडले, तर सर्वप्रथम या एका डिरेक्टरीकडे पाहावे आणि बाकीच्या संचाला हात लावू नये.

एक सूचना आधीच देतो. या लेखात कमांड आणि डिरेक्टरींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करावीत. पर्यायांचे नेमके स्पेलिंग इन्स्टॉलरला ‘--हेल्प’ हा पर्याय दिल्यावर पडद्यावर दिसते.

आधी आपला संगणक ओळखा

‘माझा प्रोसेसर ६४-बिट आहे’ एवढी माहिती पुरेशी नाही. बायनरी चालेल की नाही, हे चार गोष्टींवर ठरते: प्रोसेसर, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजेच ओएसचा गाभा), युजरलँड आणि सी लायब्ररी (बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी मूलभूत लायब्ररी). युजरलँड म्हणजे कर्नलच्या वर चालणारे सगळे प्रोग्रॅम आणि त्यांच्या लायब्ररी. टेक लाइव्हच्या दृष्टीने यातील शेवटच्या दोन गोष्टी सर्वाधिक महत्त्वाच्या आहेत, पण नेमक्या त्याच तपासायच्या राहून जातात.

लिनक्सवर ‘युनेम -एम’ ही कमांड दिली की ‘एआर्च६४’ किंवा ‘आर्मव्ही७एल’ असे उत्तर येते. हे उत्तर कर्नलचे असते, युजरलँडचे नव्हे. रास्पबेरी पायवर हा फरक ठळकपणे दिसतो. पाय ५ मधील कॉर्टेक्स-ए७६ हा प्रोसेसर ३२-बिट प्रोग्रॅम चालवू शकतो, मात्र त्यावर कर्नल ६४-बिटच लागतो. त्यामुळे पाय ५ वर ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस घातली तरी ‘युनेम’ ‘एआर्च६४’ असेच सांगते. पाय ४ वरही ३२-बिट ओएस ६४-बिट कर्नलसह सुरू होऊ शकते. अशा संगणकावर ६४-बिट बायनरी उतरवल्या तर कर्नल त्यांना नकार देत नाही, पण त्यांना लागणाऱ्या ६४-बिट लायब्ररी तिथे नसतात.

म्हणून आणखी दोन कमांड द्याव्यात. पहिली ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’. यातील ‘लाँग_बिट’ मोठ्या रोमन अक्षरांत टाइप करायचे असते. उत्तर ३२ किंवा ६४ असे येते आणि ते युजरलँडचे असते. दुसरी कमांड डेबियन घराण्यातील प्रणालींसाठी आहे: ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’. तिचे उत्तर ‘आर्म६४’ असेल तर युजरलँड ६४-बिट असतो आणि ‘आर्मएचएफ’ असेल तर ३२-बिट. ‘आर्म६४’ आणि ‘एआर्च६४’ ही एकाच रचनेची दोन नावे आहेत. डेबियन पहिले नाव वापरते आणि टेक लाइव्ह दुसरे.

सी लायब्ररीची तपासणी ‘एलडीडी --व्हर्जन’ने होते. उत्तरात ग्लिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती दिसली तर टेक लाइव्हच्या अधिकृत लिनक्स बायनरींचा विचार करता येतो. अल्पाइनसारख्या प्रणालीत ग्लिबसीऐवजी मुसल ही लायब्ररी असते. ग्लिबसीसाठी बांधलेली बायनरी तिथे चालत नाही, मग प्रोसेसर अगदी तोच असला तरी. अँड्रॉइडवरील टर्मक्समध्ये आणखी वेगळी लायब्ररी असल्यामुळे तिथे टर्मक्सने स्वतः बांधलेली पॅकेजेसच वापरावीत.

प्लॅटफॉर्मची नावे आणि त्यांचा अर्थ

६४-बिट आर्म लिनक्ससाठी टेक लाइव्ह ‘एआर्च६४-लिनक्स’ हे नाव वापरते. ३२-बिट आर्म लिनक्ससाठी ‘आर्मएचएफ-लिनक्स’ आणि मॅकसाठी ‘युनिव्हर्सल-डार्विन’ अशी नावे आहेत. या शेवटच्या डिरेक्टरीतील बायनरींमध्ये इंटेल आणि आर्म अशा दोन्ही प्रोसेसरांसाठीचा कोड एकत्र असतो. ॲपलने एम१ चिप २०२० च्या अखेरीस बाजारात आणली आणि टेक लाइव्ह २०२१ पासून ही डिरेक्टरी मिळू लागली. विंडोजसाठी केवळ इंटेल धर्तीच्या बायनरी आहेत. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

‘आर्मएचएफ’ नावाच्या बाबतीत थोडे सावध राहावे. डेबियनची ‘आर्मएचएफ’ आवृत्ती किमान आर्मव्ही७ प्रोसेसर गृहीत धरते. रास्पबेरी पाय ओएसची त्याच नावाची आवृत्ती मात्र पहिल्या पिढीच्या पायमधील आर्मव्ही६ प्रोसेसरवरही चालावी अशा रीतीने बांधली जाते. आर्मव्ही७ साठी बांधलेला प्रोग्रॅम आर्मव्ही६ वर चालवला, तर तो ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश देऊन मध्येच बंद पडतो. पहिला पाय किंवा जुना पाय झीरो असेल, तर त्याच्या ओएसच्या भांडारातील टेक लाइव्ह वापरणेच शहाणपणाचे ठरते.

उलट बाजूचीही एक मर्यादा आहे. ॲपलच्या एम मालिकेतील चिपमध्ये ३२-बिट आर्म कोड चालवण्याची सोयच नाही. त्यामुळे मॅकवरील आभासी यंत्रात लिनक्स घातले असेल, तर तिथे फक्त ‘एआर्च६४-लिनक्स’ चालेल.

वितरणाचे पॅकेज की मूळ टेक लाइव्ह

डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारखी वितरणे आर्मसाठी टेक लाइव्ह स्वतः बांधतात. त्या बायनरी त्याच प्रणालीच्या सी लायब्ररीशी जोडलेल्या असतात, त्यामुळे वर सांगितलेला सगळा गुंता तिथे उद्भवतच नाही. ज्याला फक्त नियमित लेखन करायचे आहे, त्याने हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डेबियनवर ‘टेक्सलाइव्ह-झीटेक’, ‘टेक्सलाइव्ह-लुआटेक’ आणि ‘टेक्सलाइव्ह-लँग-अदर’ ही पॅकेजेस आणि ‘फाँट्स-नोटो-कोअर’ घेतले, की मराठी मजकुराची जुळणी करता येते.

या मार्गाने आवृत्ती मात्र जुनी मिळते. उदाहरणार्थ, डेबियन १२ मध्ये टेक लाइव्ह २०२२ आहे आणि त्या डेबियनच्या संपूर्ण आयुष्यात ते तसेच राहते. शिवाय टेक लाइव्हचे पॅकेज सांभाळणारे ‘टीएलएमजीआर’ तिथे फक्त वापरकर्त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीपुरते चालते. नव्या मॅक्रो पॅकेजची गरज असेल, अनेक संगणकांवर नेमकी एकच आवृत्ती ठेवायची असेल, किंवा सर्व्हरवर आपोआप दस्तऐवज तयार करायचे असतील, तर मूळ टेक लाइव्ह बसवणे योग्य आहे.

लिनक्सवर मूळ टेक लाइव्ह बसवण्याची पद्धत

इन्स्टॉलर म्हणजे पर्ल भाषेतील एक स्क्रिप्ट आहे. त्यामुळे आधी प्रणालीच्या भांडारातून पर्ल, डब्ल्यूगेट किंवा कर्ल, एक्सझेड आणि जीपीजी घ्यावे. जीपीजी असेल तर इन्स्टॉलर उतरवलेल्या माहितीची डिजिटल स्वाक्षरी आपोआप तपासतो, म्हणून ते गाळू नये. त्यानंतर सीटॅन या टेकच्या ऑनलाइन भांडारातून ‘इन्स्टॉल-टीएल-यूएनएक्स’ हे संकुचित पॅकेज आणि त्याच नावाची एसएचए५१२ फाइल उतरवावी, ‘एसएचए५१२सम -सी’ने पडताळणी करावी आणि मग पॅकेज उलगडावे.

उलगडलेल्या डिरेक्टरीत जाऊन लगेच इन्स्टॉलर सुरू करू नये. आधी त्याला ‘-प्रिंट-प्लॅटफॉर्म’ हा पर्याय द्यावा. काहीही न बसवता तो आपण कोणता प्लॅटफॉर्म ओळखला एवढेच सांगतो आणि थांबतो. हे उत्तर ‘गेटकॉन्फ’च्या उत्तराशी ताडून पाहावे. ६४ सोबत ‘एआर्च६४-लिनक्स’ आणि ३२ सोबत ‘आर्मएचएफ-लिनक्स’ आले, तर पुढे जावे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर प्रत्यक्ष बसवताना ‘-फोर्स-प्लॅटफॉर्म’ हा पर्याय देऊन त्यापुढे योग्य नाव लिहावे. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीने पुढचे काही तास वाचतात.

जागेचा प्रश्न पायवर खरोखरच महत्त्वाचा असतो. एसडी कार्डावर हजारो लहान फाइली लिहिणे संथ असते आणि पूर्ण संच घ्यायचा ठरवला तर त्यात फार वेळ जातो. मी अशा ठिकाणी ‘स्कीम-स्मॉल’ ही निवडक पॅकेजेसची लहान योजना घेण्याचा सल्ला देईन. त्यासोबत दस्तऐवज आणि मूळ कोडच्या फाइली नकोत असे सांगणारे ‘-नो-डॉक-इन्स्टॉल’ आणि ‘-नो-एसआरसी-इन्स्टॉल’ हे पर्याय द्यावेत. नंतर जे पॅकेज लागेल ते ‘टीएलएमजीआर इन्स्टॉल’ने घेता येते. मराठीसाठी ‘हायफन-इंडिक’ हे शब्दतोडीचे पॅकेज आणि ‘पॉलिग्लॉसिया’ हे भाषा निवडण्याचे पॅकेज, ही दोन आवर्जून घ्यावीत. शक्य असल्यास एसडी कार्डाऐवजी यूएसबीने जोडलेल्या एसएसडीवर संच बसवावा. त्याचा फरक रोजच्या वापरातही जाणवतो.

संच रूट वापरकर्त्याच्या मालकीचा न ठेवता स्वतःच्या नावावर ठेवणे सोयीचे असते. ‘/यूएसआर/लोकल/टेक्सलाइव्ह’ ही डिरेक्टरी आधी सुडोने (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) तयार करून तिची मालकी आपल्याकडे घ्यावी आणि इन्स्टॉलर साध्या वापरकर्त्याने चालवावा. यामुळे पुढे अद्ययावत करताना सुडो लागत नाही. सुडो स्वतःचा वेगळा पाथ (प्रोग्रॅम ज्या डिरेक्टरींत शोधले जातात त्यांची यादी) वापरत असल्यामुळे ‘टीएलएमजीआर सापडत नाही’ असा जो संदेश अनेकांना दिसतो, तोही टळतो.

एकाहून अधिक संगणकांवर काम असेल तर प्रोफाइल फाइल वापरावी. पहिल्या वेळी संच बसला की त्याच्या ‘टीएलपीकेजी’ डिरेक्टरीत ‘टेक्सलाइव्ह’ नावाची प्रोफाइल फाइल तयार होते. त्यात निवडलेली योजना, डिरेक्टरींचे मार्ग आणि प्लॅटफॉर्म यांची नोंद असते. ती दुसऱ्या संगणकावर नेऊन इन्स्टॉलरला ‘-प्रोफाइल’ पर्यायाने दिली, की एकही प्रश्न न विचारता तसाच संच बसतो. इंटेल संगणकावरील प्रोफाइल आर्मवर नेताना तिच्यातील ‘बायनरी’ या शब्दाने सुरू होणारी ओळ मात्र बदलावी लागते.

शेवटी पाथ. ‘/यूएसआर/लोकल/टेक्सलाइव्ह’मध्ये वर्षाची डिरेक्टरी, तिच्यात ‘बिन’ आणि त्यात ‘एआर्च६४-लिनक्स’, हा पूर्ण मार्ग शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये पाथच्या अगदी पुढे जोडावा. वितरणाचे टेक लाइव्हही बसलेले असेल तर कोणते चालते याचा गोंधळ होतो. म्हणून नवे टर्मिनल उघडून ‘कमांड -व्ही झीलाटेक’ द्यावे आणि आलेला मार्ग आपल्याच डिरेक्टरीचा आहे, याची खात्री करून घ्यावी.

बायनरी चालत नसेल तेव्हा

समजा, संच व्यवस्थित बसला, पाथही बरोबर आहे, पण ‘झीटेक’ टाइप केल्यावर ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असे उत्तर आले. ‘एलएस’ दिले तर फाइल समोर दिसते. हा संदेश बहुतेकांना चकवतो, कारण तो ‘झीटेक’ या फाइलबद्दल नसतोच. प्रत्येक डायनॅमिक बायनरीमध्ये तिला मेमरीत चढवणाऱ्या लोडरचा मार्ग लिहिलेला असतो आणि न सापडलेली फाइल म्हणजे तो लोडर. बॅशच्या नव्या आवृत्त्या ‘आवश्यक फाइल सापडली नाही’ असे थोडे अधिक स्पष्टपणे सांगतात.

हे स्वतः पाहायचे असेल तर त्या बायनरीवर ‘रीडएल्फ -एल’ चालवावे. उत्तरात ‘रिक्वेस्टिंग प्रोग्रॅम इंटरप्रिटर’ अशी एक ओळ येते. ६४-बिट बायनरीत तिथे ‘/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१’ असते आणि ३२-बिट बायनरीत ‘/लिब/एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३’. मुसलसाठी बांधलेल्या बायनरीत ‘एलडी-मुसल’ने सुरू होणारे नाव दिसते. ओळीत आलेली फाइल आपल्या संगणकावर आहे की नाही, हे ‘एलएस’ने पाहावे. ती नसेल तर चुकीच्या प्लॅटफॉर्मच्या बायनरी उतरल्या आहेत, हे निश्चित.

अशा वेळी संच पुसायचा नाही. इन्स्टॉलर पर्लमध्ये असल्यामुळे फाँट आणि मॅक्रो अनेकदा आधीच जागेवर आलेले असतात. ‘टीएलएमजीआर’ही पर्लमध्येच असते, पण त्याला मार्ग शोधण्यासाठी चालती ‘केपीएसईव्हिच’ बायनरी लागते. म्हणून ज्या संचात एक तरी प्लॅटफॉर्म नीट चालतो, तिथे ‘टीएलएमजीआर प्लॅटफॉर्म ॲड’ आणि त्यापुढे योग्य नाव दिले की फक्त त्या प्लॅटफॉर्मच्या बायनरी उतरतात. एकच सामायिक डिस्क इंटेल आणि आर्म अशा दोन्ही संगणकांना जोडलेली असेल, तर ही सोय फार मोलाची ठरते, कारण एकाच संचात दोन्हींच्या बायनरी शेजारी शेजारी राहू शकतात. एकही बायनरी चालत नसेल, तर मात्र ‘-फोर्स-प्लॅटफॉर्म’सह इन्स्टॉलर पुन्हा चालवावा.

इतर संदेश वाचायला सोपे आहेत. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणजे कर्नलला ती बायनरी मुळातच कळलेली नाही. इंटेलची बायनरी आर्मवर, किंवा ६४-बिट बायनरी ३२-बिट कर्नलवर चालवली की हा संदेश येतो. ‘ग्लिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ असे आले, तर प्लॅटफॉर्म बरोबर आहे, पण बायनरी ज्या संगणकावर बांधली त्यापेक्षा आपली प्रणाली जुनी आहे. त्यावर ग्लिबसी हाताने बदलण्याचा प्रयत्न कधीही करू नये. संपूर्ण प्रणाली बंद पडू शकते. ओएस अद्ययावत करावी किंवा बायनरी स्वतः बांधाव्यात.

बायनरी स्वतः बांधणे

आपल्या प्रणालीसाठी तयार बायनरी नसतील तर टेक लाइव्हचा मूळ कोड उतरवून त्या बांधता येतात. सी आणि सी++ कंपायलर, मेक, झीटेकसाठी फाँटकॉन्फिगच्या विकसन फाइली आणि एक्सडीव्हीआय हा डीव्हीआय फाइली पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम हवा असेल तर एक्स११ च्या लायब्ररी एवढी तयारी लागते. मूळ कोडच्या डिरेक्टरीत ‘बिल्ड’ नावाची स्क्रिप्ट असते. ती चालवली की तयार बायनरी ‘इन्स्ट/बिन’खाली जमा होतात. झीटेकसोबत आयसीयू आणि हार्फबझ या सी++ मधील मोठ्या लायब्ररीही बांधल्या जातात आणि त्या भरपूर मेमरी खातात. म्हणून १ जीबी मेमरीच्या पायवर एका वेळी एकच काम चालू ठेवावे आणि स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरील जागा) पुरेशी द्यावी.

बायनरी तयार झाल्या की इन्स्टॉलरला ‘-कस्टम-बिन’ पर्यायाने त्यांची डिरेक्टरी सांगावी. बाकीचा संच नेहमीप्रमाणे उतरतो आणि आपल्या बायनरी ‘बिन/कस्टम’मध्ये ठेवल्या जातात. पाथमध्येही हीच डिरेक्टरी जोडायची. यानंतर ‘टीएलएमजीआर’ मॅक्रो आणि फाँट अद्ययावत करत राहील, पण या बायनरींची जबाबदारी आपली असेल.

बायबरकडे वेगळे लक्ष द्यावे. संदर्भसूची तयार करणारा हा प्रोग्रॅम पर्लमध्ये आहे आणि तो टेक लाइव्हच्या मूळ कोडसोबत न बांधता प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी स्वतंत्रपणे एका फाइलमध्ये बांधून दिला जातो. म्हणून स्वतः बांधलेल्या संचात तो नसतो. वितरणाच्या भांडारातून तो घेताना त्याची आवृत्ती बिबलाटेक या संदर्भसूचीच्या लाटेक पॅकेजच्या आवृत्तीशी जुळते का, हे नक्की पाहावे, कारण या दोघांची जोडी ठरलेली असते आणि ती चुकली तर संदर्भसूची तयारच होत नाही.

मॅक आणि विंडोज

मॅकवर मॅकटेक, म्हणजे टेक लाइव्हचे मॅकसाठीचे पॅकेज, बसवले की काम झाले. जागा वाचवायची असेल तर बेसिकटेक हे त्याचे लहान रूप घ्यावे. दोन्ही ‘/लायब्ररी/टेक/टेक्सबिन’ या एकाच मार्गातून चालतात. इथे फक्त एक गोष्ट पाहावी. टर्मिनल रोझेटामधून (इंटेलचे प्रोग्रॅम आर्म मॅकवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीतून) उघडले असेल तर ‘युनेम -एम’ ‘एक्स८६_६४’ असे सांगते आणि त्या टर्मिनलमधून चालवलेल्या दुहेरी बायनरीचा इंटेल भाग वापरला जातो. त्रुटी काहीच दिसत नाही, सगळे फक्त संथ होते. टर्मिनलच्या माहितीच्या खिडकीत रोझेटाचा पर्याय बंद करावा.

विंडोजसाठी टेक लाइव्हच्या बायनरी २०२३ पासून ६४-बिट इंटेल धर्तीच्या आहेत. आर्मवरील विंडोज ११ त्या अनुकरणाने, म्हणजे इंटेल प्रोसेसरची नक्कल करून, चालवते. विंडोज १० च्या आर्म आवृत्तीत फक्त ३२-बिट अनुकरण असल्यामुळे तिथे त्या चालत नाहीत. वेग हवा असेल तर विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली घेऊन तिच्यात ‘एआर्च६४-लिनक्स’ बसवावे.

मराठी मजकुराने चाचणी

नमुन्याचा इंग्रजी परिच्छेद छापला गेला म्हणजे संच नीट बसला असे मानू नये. झीटेक २०१३ पासून हार्फबझ ही अक्षरांचे आकार जुळवणारी लायब्ररी वापरते आणि लुआलाटेकमध्ये ती २०२० पासून आली. त्यामुळे दोन्हींमध्ये जोडाक्षरे सारखीच यायला हवीत. ‘फाँटस्पेक’ पॅकेजने एखादा देवनागरी फाँट निवडावा, लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे पर्याय द्यावेत आणि क्षत्रिय, पुऱ्या, दुसऱ्या, कीर्ती, शाळा, लाल असे शब्द छापून पाहावेत. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. ऱ्या मधील र योग्य दिसला आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसली, तर आकारजुळणी बरोबर चालली आहे.

झीटेकला टेक लाइव्हमधील फाँट नावाने सापडत नसतील, तर संचासोबत आलेली ‘टेक्सलाइव्ह-फाँटकॉन्फिग’ फाइल ‘/ईटीसी/फाँट्स/कॉन्फ.डी’मध्ये ठेवून ‘एफसी-कॅश’ चालवावे. लुआलाटेक पहिल्या वेळी सगळ्या फाँटची सूची तयार करते. पायवर याला बराच वेळ लागतो आणि पडदा गोठल्यासारखा दिसतो. या काळात ते बंद करू नये, कारण अर्धवट थांबवले तर पुढच्या वेळी तेच काम पुन्हा करावे लागते.

टेक लाइव्हची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि जुन्या वर्षाचे भांडार तिथेच गोठवले जाते. नव्या आवृत्तीनंतर ‘टीएलएमजीआर अपडेट’ने जुन्या आणि नव्या वर्षाच्या आवृत्त्या जुळत नाहीत असे सांगितले, तर नवे वर्ष वेगळ्या डिरेक्टरीत बसवावे. आपले जुने दस्तऐवज नव्या संचात जसेच्या तसे तयार होतात हे पाहून झाल्यावर पाथमधील वर्ष बदलावे आणि त्यानंतरच जुन्या वर्षाची डिरेक्टरी काढून टाकावी.